झाडांमधली तबकडी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सभासदांची सहल सावंतवाडीहून आंबोलीला गेली होती. त्या वेळी दुपारच्या चहाआधी केलेले हे भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीट करून लिहून दिले आहे. बोलण्याचा बाज मात्र तसाच ठेवला आहे.)



चिटणीसांनी मला ‘ज्येष्ठ नागरिक आणि आरोग्य’ असा विषय दिला होता. मी त्यांना म्हटलं, त्या विषयावर आपल्या सोसायटीत प्रत्येक बाकावर रोज संध्याकाळी परिसंवाद भरतो. कोणाची शुगर किती, कोणाचा गुडघा बदलला, हे सगळ्यांना सगळ्यांचं तोंडपाठ आहे. त्यात मी नवीन भर काय घालणार? त्यापेक्षा आज सकाळी आपण या बंगल्याच्या आवारात जो उद्योग केला, त्याबद्दल बोलतो. म्हणजे प्लास्टिकची तबकडी झाडांमधून भिरकावून बांबूच्या डालीत टाकायचा उद्योग. मी पिशवीतून तबकड्या काढल्या तेव्हा आपल्यातल्याच एकाने विचारलं, “काका, ह्या काय? सुदर्शन चक्र हाडलास की काय?” त्याला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आता सविस्तर देतो.

या खेळाचं नाव डिस्क गोल्फ. गोल्फ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हिरवीगार मैदानं, पांढरे बूट, मागे पिशवी वाहणारा माणूस आणि आपल्याला न परवडणारी फी येते. ते सगळं विसरा. इथे काठी नाही, चेंडू नाही, खळगा नाही. एका ठरलेल्या जागेवरून, तिला टी म्हणतात, तबकडी फेकायची. ती जिथे पडेल तिथे चालत जायचं आणि तिथून पुढची फेक करायची. असं करत करत ती एका खांबावरच्या बास्केटमध्ये पडली की तो होल संपला. किती फेकी लागल्या ते लिहायचं आणि पुढच्या टीवर जायचं. नवशिक्यांच्या कोर्सवर एकेक होल साधारण साठ ते शंभर मीटरचा असतो आणि तीन फेकींत तो व्हावा अशी अपेक्षा असते. असे नऊ किंवा अठरा होल. ज्याच्या फेकी सर्वांत कमी, तो जिंकला.

आपण लहानपणी गोट्या खेळलो आहोत. गल खणायची आणि लांबून गोटी गलीत टाकायची. तोच हिशोब, फक्त गल जमिनीतून उचलून खांबावर बसवली आहे आणि वर साखळ्या लोंबकळत सोडल्या आहेत. तबकडी साखळ्यांवर आपटते, तिचा जोर मरतो आणि ती खालच्या जाळीत पडते. त्या वेळी ‘खळ्ळ’ असा आवाज येतो. बँकेत चिल्लरची पिशवी काउंटरवर ओतली की यायचा तसा. माझ्यासारख्याला त्या आवाजाचं व्यसन लागलं तर नवल नाही.

हा खेळ मी पाहिला तो अमेरिकेत, मुलीकडे गेलो होतो तेव्हा. ती लॉस एंजेलिसच्या बाजूला पॅसाडीना गावाजवळ राहते. तिकडे गेलेल्या आईवडिलांची अवस्था तुम्हाला ठाऊक आहे. सोमवार ते शुक्रवार घरात दोन म्हातारी माणसं, एक फ्रिज आणि एक टीव्ही. रस्त्यावर चिटपाखरू नाही. चालायला बाहेर पडलो तर शेजारी गाडी थांबवून विचारणार, काही मदत हवी का? अशा वेळी नातवाने, तो तेव्हा अकरा वर्षांचा, एका शनिवारी मला म्हटलं, “आजोबा, तुम्ही चला ना माझ्याबरोबर, नुसतं चालायचंच आहे.” नुसतं चालायचं म्हणून गेलो.

योगायोग असा की तो ज्या बागेत मला घेऊन गेला, तीच या खेळाची जन्मभूमी निघाली. ओक ग्रोव्ह. जगातला पहिला कायमस्वरूपी डिस्क गोल्फ कोर्स तिथे १९७५ साली झाला. बागेचं आताचं नाव हाहामोंग्ना. तिथल्या टोंग्वा नावाच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं ते नाव आहे. मला ते पाठ व्हायला आठवडा लागला. एका बाजूला सॅन गॅब्रिएलचे डोंगर, मधून अरोयो सेको नावाचा बहुतेक काळ कोरडा असणारा ओढा, आणि बागेला लागूनच ‘नासा’ची जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरी. मंगळावर फिरणाऱ्या गाड्या जिथून हाकतात तीच. म्हणजे कुंपणाच्या एका बाजूला कोट्यवधी किलोमीटरवरच्या गाडीला वळण देणारे शास्त्रज्ञ आणि दुसऱ्या बाजूला तीस पावलांवरच्या बास्केटमध्ये ताटली टाकता न येणारा मी!

तिकीट नाही, मेंबरशिप नाही, पावती नाही. मी दोनदा विचारलं, पैसे कुठे भरायचे? बँकवाल्याला फुकट या शब्दाचा भरवसा नसतो. पण खरंच फुकट. आज जगात असे पंधरा हजारांहून अधिक कोर्स आहेत आणि त्यांतले बहुतेक सार्वजनिक बागांतून आहेत, जो येईल त्याने खेळावं. फिनलंडसारख्या छोट्या देशात तर गावोगावी आहेत.

थोडा इतिहास सांगतो, कारण तो मजेशीर आहे. ताटल्या फेकायची हौस माणसाला जुनीच. १९२६ साली कॅनडातल्या ब्लॅडवर्थ नावाच्या खेड्यात शाळकरी मुलं पत्र्याची झाकणं फेकून गोल्फसारखा खेळ खेळत आणि त्याला ‘टिन लिड गोल्फ’ म्हणत. पुढे १९३७-३८ च्या सुमारास फ्रेड मॉरिसन नावाचा एक तरुण आपल्या मैत्रिणीबरोबर कॅलिफोर्नियात समुद्रकिनाऱ्यावर केक भाजायचं भांडं फेकत बसला होता. पाच सेंटचं ते भांडं एकाने पंचवीस सेंट देऊन मागितलं. मॉरिसनच्या डोक्यात प्रकाश पडला. पाच सेंटच्या वस्तूला पंचवीस मिळतात, म्हणजे हा धंदा आहे! महायुद्धात विमानं उडवून तो परतला आणि त्याने प्लास्टिकची तबकडी बनवली. तिचे हक्क १९५७ साली व्हॅम-ओ नावाच्या खेळण्यांच्या कंपनीने घेतले. कनेक्टिकट राज्यातली पोरं फ्रिस्बी नावाच्या बेकरीचे पायचे डबे फेकत असत, त्यावरून कंपनीने तबकडीला ‘फ्रिस्बी’ नाव दिलं. स्पेलिंग जरा बदललं, एवढंच.

त्याच कंपनीत एड हेड्रिक नावाचे गृहस्थ होते. त्यांनी फ्रिस्बीवर बारीक गोल कंगोरे काढले आणि ती सरळ, स्थिर उडायला लागली. ओक ग्रोव्हचा कोर्स त्यांनीच आखला. सुरुवातीला बास्केट नव्हतीच, नुसते खांब होते. तबकडी खांबाला लागली की झालं. पण लागली की नाही यावरून वाद व्हायला लागले. हे ऐकून मला फार बरं वाटलं. वाद घालायला फक्त आपल्याच सोसायटीत येतं असं नाही. मग हेड्रिकसाहेबांनी साखळ्यांची बास्केट काढली आणि १९७७ साली तिचं पेटंट घेतलं. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी या खेळाची संघटनाही उभी केली होती, तिचे पहिल्या क्रमांकाचे सभासद ते स्वतः. २००२ साली ते वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची राख प्लास्टिकमध्ये मिसळून तबकड्या बनवण्यात आल्या. आपल्याकडे अस्थी गंगेत जातात, यांच्या हवेत उडाल्या. सौ.ला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “तुमच्या डोक्यात काही भलतंसलतं आणू नका.”

आता खेळायचं कसं. सकाळी तुमच्यापैकी निम्म्या पुरुषांनी तबकडी क्रिकेटच्या चेंडूसारखी डोक्यावरून फेकली आणि ती दहा पावलांवर मातीत रुतली. मीही पहिले दोन दिवस तेच करत होतो. ही फेक खांद्याची नाही. अंगाला आडवं उभं राहायचं, तबकडी छातीजवळ ओढून घ्यायची आणि सरळ रेषेत ओढत नेऊन मनगटाच्या झटक्याने सोडायची. पत्ते वाटताना पत्ता टाकतो तसा. मला ते जमलं ते एका कारणाने. चौतीस वर्षं मी काउंटरवरून पासबुक सरकवलेलं आहे. ग्राहकाच्या बरोबर हातासमोर जाऊन थांबलं पाहिजे, खाली पडता कामा नये. तेच मनगट! नातू म्हणाला, “आजोबा, हे कुठे शिकलात?” मी म्हटलं, “बचत खात्यावर.”

दुसरी गोष्ट, तबकडी सपाट सुटली पाहिजे. पुढची कड वर झाली की ती आकाशात चढते, क्षणभर थबकते आणि डावीकडे कुठेतरी गळून पडते. उजव्या हाताने अशी आडवी फेक केली की शेवटी तबकडी डावीकडे वळणारच, तो तिच्या गरगरण्याचा धर्म आहे. नवखा माणूस त्यावर चिडतो. चार दिवसांनी त्याला कळतं की ते वळण वापरायचं असतं.

आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची. दुकानात तीन जातीच्या तबकड्या मिळतात. लांब जाणारी धारदार कडेची ड्रायव्हर, मधली मिडरेंज आणि जवळच्या फेकीची, जाड कडेची, शांत स्वभावाची पटर. सगळ्यांचं वजन दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास. नवीन माणूस हटकून ड्रायव्हर उचलतो, कारण तिच्यावर चित्र झकास असतं. पण ड्रायव्हरला जो वेग लागतो तो आपल्या हातात नसतो, म्हणून ती धड लांबही जात नाही आणि सरळही जात नाही. पटर घ्यावी आणि सगळा कोर्स तिनेच खेळावा. मी आजतागायत पटरच्या पुढे गेलेलो नाही. माझ्या वयाला पन्नास मीटर सरळ ही भरपूर मोठी मिळकत आहे.

ओक ग्रोव्हमधला एक होल तुम्हाला दाखवावासा वाटतो. टीवर उभं राहिलं की समोर ओकची झाडं, दाट नाहीत, विरळ. खोडं काळपट, वाकडीतिकडी, फांद्या कमरेपासून सुरू झालेल्या, पानं लहान आणि काटेरी कडांची, बारा महिने हिरवी. खाली धूळ आणि वाळका पाला. बास्केट उजव्या अंगाला अर्धवट दिसते. सरळ फेकावी तर मधे एक जाडजूड खोड. डावीकडून घालावी तर वाट मोकळी आहे, पण तबकडी शेवटी आणखी डावीकडे जाणार. उजवीकडे दोन झाडांच्या मधे दरवाजाएवढी फट. त्या फटीतून गेली तर ती डावीकडे वळत वळत थेट बास्केटपाशी येते. जाईल का? दहातून आठ वेळा खोडावर ‘टक्’ आणि तबकडी मागे. पण कधी कधी तीच खोडावर आपटून उसळते आणि हवी तिथे जाऊन पडते. तिथे एक निवृत्त सुतार रोज सकाळी एकटे खेळायला येत. ते म्हणाले, झाडं उसनं देतात आणि वसूलही करतात. मी म्हटलं, मग ती आमच्या बँकेत असायला हवी होती.

तिथे उभं असताना मला जे दिसलं ते सांगण्यासाठीच खरं तर मी आज बोलायला उभा आहे. आपल्याकडे मैदान म्हटलं की आधी काय करतो? साफ करतो. झाडं काढतो, खड्डे बुजवतो, रोलर फिरवतो. झाड म्हणजे खेळाला अडचण. क्रिकेटमध्ये चेंडू झाडात अडकला तर त्यासाठी वेगळा नियम करावा लागतो. इथे उलट आहे. त्या बागेतली ओकची झाडं उद्या कापली, तर तो कोर्स पाच मिनिटांत मरेल. उघड्या माळावर बास्केट ठेवून ताटली फेकायला कोण येईल? फेक कुठून न्यायची, कशी वळवायची, धोका घ्यायचा की गुमान बाजूला टाकायची, हे सगळे प्रश्न झाडं विचारतात. हेड्रिकसाहेबांनी जागा सपाट केली नाही, झाडांच्या मधून वाटा हुडकल्या.

याचा अर्थ झाडांना काहीच सोसावं लागत नाही असं नाही. टीसमोरच्या खोडांवर रोज तबकड्या आपटून साल सोलवटते. एकाच जागी माणसं येऊन जाऊन मुळांवरची माती दगडासारखी होते. म्हणून जाणती मंडळी खोडाला काथ्या नाहीतर जाळी गुंडाळतात, जमिनीवर लाकडाचा भुसा पसरतात आणि अधूनमधून बास्केटची जागा बदलतात. शिवाय त्या भागात पॉयझन ओक नावाचं झुडूप असतं. त्याला हात लागला की अंग उततं, आपल्याकडे काजूच्या बीचं तेल लागून उततं तसंच. दोन्ही एकाच कुळातली. मी हे नातवाला सांगितलं तेव्हा त्याला काजूची बी हीच गोष्ट नवीन निघाली. त्याला काजू फक्त पाकिटातला ठाऊक.

आणखी एक गोष्ट मला फार भावली. या खेळात पंच नसतो. आपल्या फेकी आपणच मोजायच्या आणि मोठ्याने सांगायच्या. ज्याची तबकडी बास्केटपासून सर्वांत लांब, त्याने आधी फेकायचं. म्हणजे मागे पडलेल्याला सगळे थांबून वाट देतात. झुडपात गेलेली तबकडी शोधायला प्रतिस्पर्धीसुद्धा वाकतो. आणि झुडपाआड चौथी फेक झाली की पाचवी, हे फक्त तुम्हाला ठाऊक असतं. दिवसअखेरीस कॅश टॅली करताना कॅशियर एकटा असतो ना, तशीच अवस्था. नातू एकदा सहा फेकींच्या पाच सांगायला निघाला होता. मी काही बोललो नाही, नुसती पेन्सिल हातात धरून बसलो. तो आपणच म्हणाला, “सहा.” सौ. आमची हिशेबनीस होती. गुडघ्यामुळे खेळायची नाही, पण बाकापासून बाकापर्यंत चालत यायची आणि वही ठेवायची. डॉक्टरांनी रोज वीस मिनिटं चाला म्हणून सांगितलं होतं, तेव्हा घरात तिला दहाही होत नसत. इथे दोन तास कसे जात ते कळत नसे.

आता आंबोली. सकाळी कोणीतरी म्हणालं, काका, हे तर इथेच करायला पाहिजे, एवढं जंगल आहे, पर्यटक खूश होतील. माझं मत स्पष्ट आहे. बंगल्याच्या आवारात आपण चार तबकड्या फेकल्या तेवढं पुरे. इथल्या जंगलात आणि सड्यावर हा खेळ नको. सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो इथे. टीच्या जागी पायाखाली गवत गेलं की एका आषाढात ती माती घाट उतरून आपल्याकडे सावंतवाडीला यायला निघेल. आणि ज्याला आपण रिकामा कातळ म्हणतो तो रिकामा नाही. आंबोलीच्या नावाचा एक छोटा भेक आहे, जगात जवळजवळ याच परिसरात सापडणारा. तो कोरड्या दिवसांत या कातळावरच्या दगडांखाली दडून राहतो. तबकडी शोधताना आपण पहिलं काय करतो? दगड उलटतो. हिरण्यकेशीच्या कुंडात २०२० साली माशाची नवी जात सापडली आणि पुढच्या वर्षी सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. एवढ्याशा कुंडात एवढं निघतं, तर या अंजनीच्या आणि जांभळाच्या रानात काय काय असेल! ओक ग्रोव्ह ही गावातली बाग आहे, माणसांच्या वावराला सरावलेली. हे रान तसं नाही.

आणि मुलांनो, उद्या कावळेसादला जाणार आहोत. तिथे वारा दरीतून असा उसळतो की धबधब्याचं पाणीसुद्धा उलटं वर येतं. तबकडी दरीत टाकली तर परत येईल का, असा प्रश्न मघाशी तुमच्यातल्या दोघांच्या डोळ्यांत मला दिसला आहे. तबकड्या आज रात्री माझ्या उशाखाली राहणार आहेत.

मग हा खेळ कुठे? आपल्या सोसायटीत. इथे माझ्या बोलण्याला थोडा राजकीय रंग येईल, अध्यक्षांनी सांभाळून घ्यावं.

आपल्या दोन इमारतींच्या मागे जी खुली जागा आहे, ती मंजूर नकाशात खुली जागा म्हणूनच दाखवलेली आहे. पंचवीस वर्षांपूर्वी तिथे नुसता चिऱ्याच्या खाणीसारखा उघडा तांबडा भाग होता. आज तिथे दोन आंबे, एक फणस, रातांबा, सुरंगी, सोनचाफा आणि कोपऱ्यात ओवळ आहे. ही झाडं कोणी लावली ते मी सांगत नाही. त्यांतली दोघं आज आपल्यात नाहीत. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे तिथे पेव्हर ब्लॉक घालून चौदा गाड्यांचं पार्किंग करण्याचा ठराव येतो आहे. त्यासाठी पाच झाडं जातील. आपल्या तरुण सभासदांची गाड्यांची अडचण खोटी नाही, रात्री नऊनंतर रस्त्यावर जागा मिळत नाही हे मी रोज बाल्कनीतून बघतो. पण एक, शहरी भागातली झाडं तोडायला परवानगी लागते. तसा कायदाच आहे, महाराष्ट्र नागरी क्षेत्र झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, तोही १९७५ सालचाच. ज्या वर्षी तिकडे झाडांमधून पहिला कोर्स आखला गेला, त्याच वर्षी आपल्या विधिमंडळाने झाडांसाठी कायदा केला. दुसरं, कुंपणाच्या भिंतीकडेने सहा गाड्या एकही झाड न तोडता लागतात. मी टेप घेऊन मोजलं आहे, आकृती काढून चिटणीसांकडे दिली आहे. उरलेल्या आठ गाड्यांचं उत्तर माझ्याकडे नाही. ते आपण सगळ्यांनी बसून काढायचं आहे. पण ते फणसाच्या बुंध्यावर काढू नये, एवढंच म्हणतो.

या ठरावाच्या बाजूने एक मुद्दा वारंवार येतो: ती जागा नाहीतरी पडूनच आहे, तिथे कोणी जात नाही. खरं आहे. कारण तिथे पाटी आहे, ‘येथे चेंडू खेळण्यास सक्त मनाई आहे’. सहा वर्षांपूर्वी तळमजल्याची काच फुटली तेव्हा ती लावली गेली. मुलं गेली, मग त्यांच्यामागे जाणाऱ्या आया गेल्या, मग बाकावर बसणारे आपणही गेलो. आणि आता म्हणायचं जागा पडून आहे.

माझी सूचना अशी. तीन होल. जास्त नाहीत. पहिला पंपाच्या खोलीपासून फणसापर्यंत, अठ्ठावीस मीटर, मधे एक आंबा, डावीकडून वळवून घ्यायला सोपा. दुसरा फणसाकडून सुरंगीकडे, बावीस मीटर, अगदी लहान मुलांसाठी आणि माझ्यासाठी. तिसरा सुरंगीपासून ओवळाच्या कोपऱ्यापर्यंत, पस्तीस मीटर, दोन झाडांमधल्या फटीतून. हा तरुणांनी खेळावा, म्हणजे त्यांचा गर्व उतरेल. बास्केट विकत आणायची गरज नाही. लोखंडी पाइप, त्यावर जुन्या कुलरची जाळी आणि वरून साखळ्या. आपल्या कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याला मी चित्र दाखवलं. तो म्हणाला, “काका, कोंबड्यांक घालूचा पिंजरा काय?” तरी करून देतो म्हणाला. दर होलच्या पाट्या आपल्या गावच्या चिताऱ्याकडून लाकडावर रंगवून घेऊ. गंजिफाही गोलच असते, तीही एक तबकडीच.

खबरदारी मात्र पाळावी लागेल. खऱ्या डिस्क गोल्फची तबकडी कडक असते, डोक्यात बसली तर टाके पडतील. इमारतींच्या एवढ्या जवळ ती वापरायची नाही. हलकी, मऊ रबरासारखी तबकडी मिळते, तीच वापरायची. लांब जात नाही, पण आपल्याला लांब कुठे जायचं आहे? फेकीची दिशा कायम इमारतींकडे पाठ करून. वाटेत माणूस दिसला तर तो जाईपर्यंत थांबायचं, मग तो मोबाइलवर बोलत अर्धा तास उभा राहिला तरी. खोडांना सुंभ गुंडाळायचा. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर बंद, म्हणजे मुळांवरची माती चिकटून घट्ट होणार नाही आणि आपण घसरून पडणार नाही.

एक गोष्ट सांगू का? सकाळी बी-विंगमधल्या एका काकूंनी तिसऱ्याच फेकीत तबकडी डालीत टाकली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्या लाजून आत गेल्या. अर्ध्या तासाने पाहिलं तर त्या आणि तिसरीतली एक मुलगी, दोघी बंगल्याच्या मागच्या बाजूला गुपचूप सराव करत होत्या. काकूंना गेली दोन वर्षं मी जिना उतरताना क्वचितच पाहिलं आहे.

माझं स्वतःचं म्हणाल तर ओक ग्रोव्ह मला पुन्हा दिसेल असं वाटत नाही. डॉक्टरांनी वीस तासांच्या प्रवासाला नको म्हणून सांगितलं आहे. नातू आता पंधरा वर्षांचा आहे, मे महिन्यात महिनाभर येणार आहे. मागच्या वेळी आला तेव्हा तो मोबाइल आणि मी वर्तमानपत्र असे समोरासमोर बसलो होतो. या वेळी त्याला मी पंपाच्या खोलीपाशी घेऊन जाणार आहे. त्याच्याकडे ड्रायव्हर असेल, माझ्याकडे पटर.

सभा पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहाला आहे. ज्यांना त्याआधी खेळून बघायचं असेल त्यांच्यासाठी चार मऊ तबकड्या माझ्या घरी, पहिल्या मजल्यावर, आहेत. नेताना वहीत नाव आणि वेळ लिहायची, आणताना सही करायची. ती सवय माझ्याकडून जाणार नाही. आता चहा आलेला दिसतो, आणि मागच्या बाजूला डालीवर काहीतरी आपटल्याचा आवाजही आला. बघतो कोणाची पडली ती.